रुमालाविना सौदा

"इकडं पाह्य, बावा. माह्या डोयात पाह्य."

सलामीला हात धरला की आमचा पैलवान समोरच्याला एवढेच म्हणायचा, आणि बघत राहायचा. शड्डू नाही, आरोळी नाही. समोरचा आधी हसायचा, मग मिशी चाचपायचा, मग उगाच वस्तादाकडे बघायचा. एकदा का त्याची नजर मातीत गेली की गर्दीतली म्हातारी माणसे म्हणायची, "झाली कुस्ती! आता नुसतं पाडनं राह्यलं." आणि व्हायचेही तसेच.

मला हे कधी पटले नाही. नजरेने माणूस पडतो होय? मग आमच्या घरात मी रोजच पडलो असतो.

मी अमरावतीच्या बाजारातला कापसाचा दलाल. आमचा सौदा कसा होतो ते तुम्ही पाहिलेच असेल. दोघांनी हात धरायचा, वर रुमाल टाकायचा, रुमालाखाली बोटे दाबून भाव सांगायचा, आणि तोंडे अशी ठेवायची की जणू दोघे एकमेकांच्या सोयऱ्यांची खुशाली विचारताहेत. खरे काय ते खाली, वर सगळा देखावा. जन्मभर हेच केलेल्या माणसाचा कुणाच्याही तोंडावर विश्वास बसत नाही. माझा बायकोच्या तोंडावर नव्हता, तिचा माझ्या तोंडावर नव्हता. संसार मात्र झकास झाला.

शिवाय दिवसच संशयाचे होते. तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाचे सोने झाले. काल अनवाणी येणारा भातकुलीचा कास्तकार बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून बाजारात येऊ लागला. पैसा आला तशा कुस्त्यांच्या दंगली वाढल्या, दंगलींवर पैजा लागू लागल्या. पैज आली की लबाडी तिच्या मागोमाग येतेच, तिला आवतण लागत नाही.

तर हा पैलवान आमच्याच वखारीत कापूस तुडवायला होता. उंच टांगलेल्या बोऱ्यात उतरायचे आणि वरून कापूस टाकतील तसा पायांनी दाबत जायचे. सकाळी त्याचे नुसते कपाळ आणि डोळे दिसत. बोरा भरत जाई तसा तो वर येई, आणि दुपारपर्यंत अख्खा माणूस बाहेर. एकदा एक व्यापारी माल घेऊन आला होता. हा बोऱ्यातून त्याच्याकडे बघत राहिला. "इकडं पाहा, शेठ," एवढेच म्हणाला. तो व्यापारी चुळबुळला, घाम पुसला, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "दोनच गाठोडे ओले हायेत हो! बाकी कोरडा हाये, देवाशपथ!"

आम्ही हसून हसून लोळलो. हा मात्र भाबड्या तोंडाने म्हणाला, "मी तं किती वाजले ते इचारनार होतो."

आता सांगा, अशा माणसावर संशय घ्यायचा नाही तर कुणावर?

म्हणून एका दंगलीत मी मुद्दाम मातीच्या हौद्याच्या अगदी काठाशी जाऊन उभा राहिलो. सगळे गाव त्याचे डोळे बघत होते. मी त्याचा हात बघितला. आणि काय दिसावे? सलामीत धरलेल्या हाताची दोन बोटे पुढे सरकून समोरच्याच्या मनगटावर बसली होती आणि हळूच दाबत होती.

अरे लेकाच्या! हा तर सौदा! वर नजर, खाली बोटे. आमचाच धंदा, फक्त रुमाल तेवढा नाही. कुस्त्या हा भाव ठरवून मारतो तर!

दुसऱ्या दिवशी वखारीमागच्या निंबाखाली मी त्याला गाठले. "कितीत ठरते रे कुस्ती?"

तो रागावला नाही. माझा हात धरला. "इकडं पाहा, भाऊ." मी पाहिले. मग तो म्हणाला, "इचारलं तुमी, अन् भेलेबी तुमीच. नाडी पयून राहिली तुमची."

"नाडी?"

"डोयात काय ठेवलं हाये, भाऊ? डोये तं कोनीबी वटारते. मी डोयात पाह्यतो ते याच्यासाठी का त्यानं हाताकडं पाहू नये. माही माय सुईन होती. बाई कळा देऊन राहिली का माय म्हने, माह्याकडं पाह्य वं बाई, माह्याकडं पाह्य. अन् खाली मनगट धरून राहे. डोये खोटं बोलते, पन नाडीले नाही येत खोटं बोलता. भेलेल्याची नाडी पयते. मंग मी घाई नाही करत. त्याचा दम तोच खाऊन टाकते."

गोष्ट छान होती. म्हणूनच मला ती खरी वाटली नाही. आमच्या बाजारात खऱ्या गोष्टी इतक्या छान नसतात.

पुढे अकोल्याच्या पैलवानाशी त्याची कुस्ती ठरली. आमचे वस्ताद थकले होते. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितले, "हे कुस्ती मारली का आखाडा तुह्या हाती." त्याला ते फार हवे होते. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन तो अलीकडे रात्रंदिवस खोकायचा. आखाडा मिळाला की बोऱ्यातून सुटका होती. "आता मातीतच राहीन, भाऊ," असे तो मला आठवडाभर येता-जाता ऐकवत होता.

दंगलीला मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोघे आले, हात धरला. "इकडं पाह्य, बावा." अकोलेवाला चांगला दांडगा गडी. त्यानेही नजर रोखली. नेहमीपेक्षा खूप वेळ गेला. आणि पहिल्यांदाच याचे डोळे खाली गेले. हा त्या मनगटाकडे बघत होता. मग त्याने त्या पैलवानाच्या कानाशी काहीतरी पुटपुटले, त्याचा हात वर उचलला आणि ओरडला, "मी हारलो!"

कुस्ती न खेळता! "इकला! पैशाले इकला रे!" म्हणून जो गिल्ला झाला, जोडे उडाले, विचारू नका. मी मात्र खूश होतो. बघा, मी म्हणत नव्हतो?

वस्तादांनी त्याला हातात माती घ्यायला लावली. आखाड्याची माती उचलून कुणी खोटे बोलत नाही. "पैसा घेतला का?" "नाही," त्याने सांगितले. "मंग कावून सोडली?" यावर त्याने हातातली माती हळूच परत हौद्यात ठेवली. वस्तादांचे डोळे भरून आले होते. "मंग पुन्हा या मातीत पाय ठेवू नको," एवढे म्हणून ते आत निघून गेले.

संध्याकाळी तो गाव सोडायचे म्हणून वखारीत आपली घोंगडी न्यायला आला. मी विचारले, तेव्हा म्हणाला, "त्याची नाडी चालता चालता थांबे, भाऊ. थांबे, अन् मंग एकदम धावे. आदळला असता तं उठला नसता. मी त्याले कानात सांगतलं, हे जीत घे अन् माती सोड."

"अरे मग वस्तादांना सांगायचं ना!"

"सांगतलं असतं तं तो बिमार पैलवान झाला असता. बिमाराले कोन ठेवते? अमरावती जितलेल्या पैलवानाले वखारीवर जमादारी भेटते. लेकरं हायेत त्याले."

"गोष्ट बरी आहे," मी म्हणालो.

तो हसला. माझा हात धरून डोळ्यांत पाहिले. "तोंड म्हनते खोटं हाये. हात तुमचा तसा नाही म्हनून राहिला." आणि खोकत खोकत परतवाड्याच्या वाटेला लागला.

त्यानंतर आगीनगाडी अकोल्यापर्यंत आली आणि मी कामाला तिकडे गेलो. एका वखारीच्या दारात भरजरी फेटा बांधलेला जमादार उभा. तोच अकोलेवाला पैलवान. त्या कुस्तीनंतर कुठल्याच मातीत उतरला नव्हता म्हणे. मी रामराम केला, हात पुढे केला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघाले, "इकडं पाहा, जमादार."

तो पाहू लागला. मी दोन बोटे सरकवली. नाडी चालली होती. चालली, चालली, आणि थांबली. मग ती एकदम धावत सुटली.

जमादाराचे तोंड उतरले. त्याने हात मागे घेतला नाही. हळूच विचारले, "तो कुठी हाये, भाऊ?"

परतवाड्याच्या एकाही गाडीवानाला मी विचारायचे सोडले नव्हते. एवढ्या धिप्पाड, खोकत जाणाऱ्या माणसाला कुणीच पाहिले नव्हते. हे मला त्या जमादाराला सांगायचे होते, पण मी नुसती मान हलवली. वखारीच्या दारात आम्ही हात धरून तसेच उभे राहिलो, आणि डोळे आधी माझे खाली गेले.