दुसरी शाखा नाही

पहिले चहा संपवून घ्या बाप्पा, मंग ऐका. तोंडात चहा असताना हा किस्सा ऐकला की तो नाकातून बाहेर येते, हे अनुभवाचं सांगून राह्यली. लोकायले वाटते, तीन-तीन दुकानं चालवणारी बाई लय हुशार असंन. हौ का? मंग पाहाच माया हुशारीचा नमुना!

चौदा वर्षं झाले, मी बालाघाटच्या बसस्टँडजवळ चाऊमीनचा ठेला लावला. सासरच्यायनं तोंड वाकडं केलं, मंग चाऊमीन खाल्लं, मंग तोंड सरळ केलं. पण माये बाबा! तुमसरचे रिटायर हेडमास्तर. अर्ध्या तुमसरले त्यायनं पाढे शिकवले, बाकीच्या अर्ध्याले छड्या मारल्या. ते कडाडले, "मास्तरच्या पोरीनं रस्त्यावर कढई मांडली? तुया ठेल्यावरचा एक घास माया तोंडात जाणार नाई!"

अन् खरंच, चौदा वर्षं त्यायनं बालाघाटले पाय ठेवला नाई. मी माहेरी गेली की चांगले बोलत, पण धंद्याचं नाव काढलं की पेपर उघडून तोंडासमोर! लय लागे मनाले.

इकडे ठेल्याचं पक्कं दुकान झालं. बोर्ड करायचा होता. आता मोठमोठ्या मिठाईवाल्यायच्या बोर्डावर खाली लाल अक्षरात एक ओळ असते, पाहिली असंन तुम्ही. 'हमारी कोई दूसरी शाखा नहीं है.' मले वाटे, ही डॉक्टरच्या नावापुढची डिग्री हाये. ज्याच्या बोर्डावर ते लाल अक्षर, तो मोठा माणूस. मंग मी काहून मागं राहू? मीही लिहून घेतली. वर माया फोटो, डोक्यावर पांढरी टोपी, हातात झारा.

मंग कटंगीले दुसरं दुकान उघडलं, खैरलांजीले तिसरं. मोबाइलवर व्हिडिओ पाहू-पाहू मी शिकली होती की चेन म्हणजे सारं सेम पायजे. सेम रंग, सेम सॉस, सेम प्लेट, सेम बोर्ड. पेंटर बिचारा डोकं खाजवत म्हणते, "दीदी, नीचे वाली लाइन भी?"

म्हटलं, "जशीच्या तशी! एक मात्रा इकडची तिकडं झाली तर बोर्ड वापस!"

झालं. तीन दुकानं, अन् तिन्हीवर ठसठशीत लाल अक्षरात लिहिलेलं की आमची दुसरी शाखाच नाई! हसू नका. दोन वर्षं कोणाले दिसलं का? लोक फोटो पाहतात अन् आत घुसतात. बोर्ड वाचते कोण?

हेडमास्तर वाचते!

झालं काय, पेपरात माया सत्काराचा फोटो आला. दोनच दिवसानं बाबांचा फोन. "सुनंदे, उद्या सकाळच्या बसनं येऊन राह्यलो. तुया दुकानात बसून खाईन."

मी फोन ठेवला अन् रडली. मंग नाचली. मंग पुन्हा रडली. आमचे घरचे, म्हणजे नवरोबा, म्हणाले, "अवं, त्यायले सांग तरी, तीन शाखा हाये म्हणून."

"बिलकुल नाई! आल्यावर एक-एक दाखवू." शहाणपणा मिरवायचा होता न मले!

दुसऱ्या दिवशी नवी साडी, केसात गजरा, स्वतःच्या हातानं पत्तागोबी कापून तयार. अकराच्या सुमाराले अनोळखी नंबरवरून फोन. मागं बाजाराचा कल्ला, अन् त्याच्यावर बाबांचा वर्गातला आवाज!

"सुनंदा! एका भामट्यानं तुया नावाचं दुकान टाकलं! फोटोही तुयाच! अन् वरून लिहिते की दुसरी शाखा नाई! म्हणजे बालाघाटचं तुयं खोटं अन् याचं खरं? हरामखोर!"

माया अंगाची आग-आग झाली. "माया ओळसुद्धा चोरली! बाबा, कुठं हाये तुम्ही?"

"बस थांबली तिथं! उतरलो मी!"

आता वारासिवनीत एक जण माया दुकानाची नकल करणार, अशी शंका मले सहा महिन्यापासून होती. कोणी सांगितलं? कोणीच नाई. मायाच डोक्यातून निघालं होतं. बस वारासिवनीले थांबतेच. म्हटलं, सापडला!

"बाबा, बाजूच्या माणसाले म्हणा, फोन स्पीकरवर टाक." टाकला. मंग माया आवाज काय लागला म्हणता! "ऐका हो साऱ्यायनं! मी असली मालकीण बोलून राह्यली! पाडा ते शटर! उतरवा तो बोर्ड! सोडू नका त्याले!"

"हौ मैडम!" पब्लिक तर तयारच होती. फुकटचा तमाशा कोण सोडते? धाडधाड आवाज आले. मागून कोणीतरी "भाभी! ओ भाभी!" म्हणून कोकलून राह्यला होता.

मी घरच्यायले म्हटलं, "पाहा चोराची हिंमत! मले भाभी म्हणते!"

हा फोन ठेवला की चंदूचा फोन सुरू. चंदू म्हणजे आमच्या घरच्यायचा मामेभाऊ, चाळिशीचा माणूस, कटंगीचं दुकान तोच पाहते. बाबांनी त्याले कधी पाहिलं नव्हतं. दिवसातून चारदा त्याचा फोन येते. भाभी, गोबी संपली. भाभी, सॉस संपला. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट. पाचव्यांदा उचलला अन् त्याले तोंड उघडूच देलं नाई.

"चंदू, तुई गोबी गेली चुलीत! इथं माया दुकानावर संकट आलं. तू गुमान आपलं दुकान सांभाळ!"

अन् मोटारसायकलवर मागं बसली. घरच्यायले म्हटलं, पळवा! रस्ताभर मी त्या भामट्याले काय-काय बोलणार, त्याची तालीम करून राह्यली होती.

वारासिवनीचं स्टँड आलं. गर्दी नाई, भामटा नाई, बाबा नाई. एक गाय बसून होती. मी त्याच नंबरवर फोन लावला. कोणी भला माणूस बोलला, "मैडम, हम लोग तो कटंगी में हैं. बोर्ड उतार दिया, शटर गिरा दिया. आप आराम से आओ!"

तुमसरची बस वारासिवनीच्या आधी कटंगीलेही थांबते, हे माया ध्यानातच आलं नव्हतं! आमच्या घरच्यायनं गाडी बंद केली. "सुनंदा, कटंगीले तर..."

"चूप बसा! मले माहीत हाये कटंगीले कोणाचं दुकान हाये."

पोचलो तर पाहते काय! भरल्या बाजारात माया बोर्ड जमिनीवर आडवा. त्याच्यावर, नेमके माया फोटोवर, बाबा मांडी घालून बसलेले. हातात प्लेट. बाजूले, पाडलेल्या शटरसमोर कढई मांडून चंदू, डोळ्यात पाणी, हातात झारा.

"बाबा, हे काय?"

"पुरावा तपासून राह्यलो. भामटा हाये, पण तिखट शेवया झकास करते. तिसरी प्लेट हाये."

चंदू रडकुंडीले आला. "भाभी, मैं कब से बोल रहा हूँ, रिश्तेदार हूँ. गुरुजी बोले, हर चोर यही बोलता है."

मंग काय? सांगा लागलं साऱ्यायसमोर. बाबा, चोर नाई हो हा, दुकान मायंच हाये. खैरलांजीलेही एक हाये. बाबांनी चष्मा पुसला, खाली वाकून ती लाल ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"मंग हे काहून लिहिलं?"

"मोठ्या दुकानायवर असते म्हणून."

"लिहिण्याच्या आधी अर्थ पाहिला होता?"

सारा बाजार हसला. मी मान खाली घातली. वाटलं, आता हे उठतात अन् तुमसरची बस धरतात. चौदा वर्षांची वाट पाहणं गेलं पाण्यात.

पण बाबांनी प्लेटीकडे पाहिलं, चंदूकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "म्हणजे हेही तुयंच? एकटीनं उभं केलं?"

"हौ बाबा."

"मंग चाल बालाघाटले. तुया हातचं राह्यलंच हाये."

मी तिथंच, भरबाजारात, हुंदके देऊन रडली. त्याची लाज वाटत नाई मले.

बालाघाटले आणलं. मधल्या टेबलावर बसवलं. मोठी कढई, मोठा जाळ, चौदा वर्षं मनात ठेवलेली प्लेट त्यायच्यापुढं ठेवली. बाबांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा चावला.

"कसं झालं, बाबा?"

बाबांनी इकडे-तिकडे पाहिलं, मले जवळ बोलावलं अन् कानात म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नको. पण असली तो कटंगीवालाच हाये."

चार दिवस राह्यले माया घरी. रोज सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून, नाश्त्याले कटंगीची बस धरत. अन् सीट पकडून द्यायले स्टँडवर कोण जाये? मीच!