पाचही उत्तरं बरोबर होती

पोरगी उताणी पडली होती आणि तिचे कोच उसेंडी सर लाईनीबाहेरून ओरडत होते, "मॅडम, टोपी हाय तिच्या डोक्यात! काई होत नाई!"

मी बॅग घेऊन धावत होते. मनात म्हटलं, आग लागो त्या टोपीला.

मी फिजिओथेरपिस्ट. चंद्रपुरात छोटं क्लिनिक आहे. कंबर, गुडघे, आखडलेले खांदे, हे रोजचं काम. वर्षातून दोन-तीनदा शालेय रग्बीच्या सामन्यांना मैदानावर बसते. रग्बी म्हटलं की आमच्याकडे लोक अजून विचारतात, "तो अंड्यासारख्या चेंडूचा खेळ का?" हो, तोच. पण एटापल्लीकडच्या आश्रमशाळांतल्या पोरी तो असा खेळतात की बघत राहावं. सात-सात जणींचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. सात मिनिटं ऐकायला कमी वाटतात. एकदा धावून बघा.

पडलेली ती वनिता. पंधरा वर्षांची, सडपातळ, मैदानावरची सगळ्यात वेगवान. चेंडू घेऊन पळणाऱ्या पोरीला कमरेला मिठी मारून पाडायचं, त्याला टॅकल म्हणतात. तेव्हा आपलं डोकं समोरचीच्या मागच्या बाजूला ठेवायचं असतं, पायांच्या पुढ्यात नाही. वनिताने डोकं पुढे घातलं. समोरचीचा गुडघा थेट कानशिलावर बसला.

ही सवय नवीन होती आणि टोप्यांनीच लावली होती. कुणा देणगीदाराने संघाला फोमच्या टोप्या दिल्या होत्या, हनुवटीखाली पट्टा असलेल्या. सर भलतेच खूश. सकाळीच मला म्हणाले होते, "आता पोरी भेत नाईत, मॅडम. बिनधास्त घुसतात."

"सर, हे हेल्मेट नाही. कान फाटत नाही, कातडी फुटत नाही, एवढंच. आतल्या मेंदूला याचा काही आधार नाही."

"असं कसं? एवढं जाड हाय ना."

"डब्यात दही भरा. डब्याला बाहेरून गोधडी गुंडाळा. मग आपटा. आतलं दही जसंच्या तसं राहील का?"

"तुमी बी ना, मॅडम!" सर हसले आणि पोरींना वॉर्मअपला घेऊन गेले. मीही सोडून दिलं. भर सकाळी कोण वाद घालणार?

तर मी वनिताजवळ पोचले. डोळे उघडे होते. मान ठीक, हातपाय हलत होते. रक्त नाही. पण कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला झटका, तो बाहेरून दिसत नाही. एक्स-रेतही येत नाही. म्हणून मैदानावर आम्ही पाच साधे प्रश्न विचारतो. हे कोणतं मैदान? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणी केला? आधीचा सामना कोणाशी झाला? तो कोणी जिंकला? एकाही उत्तरात अडखळली की खेळाडू बाहेर.

वनिता गोंडीत काहीतरी पुटपुटली. माझ्याशी सकाळी मराठीत बोललेली पोरगी आता गोंडीशिवाय बोलत नव्हती. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. माझं माहेर सिंदेवाहीचं, झाडीबोली माझ्या तोंडात आहे, पण गोंडीचे मला दोन शब्दही येत नाहीत. इतकी वर्षं या जिल्ह्यात काढून! लाज वाटते सांगायला.

कॅप्टन जैवंता शेजारी गुडघ्यावर बसली होती, वनिताचा हात घट्ट धरून. मी तिला म्हटलं, "मी विचारते, तू तिला तिच्या भाषेत सांग. ती काय म्हणते ते मला सांग."

मी विचारलं. जैवंता बोलली. वनिता काहीतरी म्हणाली.

"चंद्रपूरचं मैदान म्हणते, मॅडम."

"कितवा हाफ?"

"दुसरा म्हणते."

असं करत पाचही उत्तरं बरोबर आली. मग मी वनिताला उठवून सरळ रेषेत चालवलं. चालली. सर जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, राज्याच्या संघासाठी पाह्यणारे दोघं जण बसून हायत तिकडं. तिलेच पाहाले आलेत. पाचच मिनिटं राह्यली."

नियम मला तोंडपाठ होता. डोक्याला मार लागल्याची शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. उत्तरं बरोबर येवोत की चूक. पण पाचपैकी पाच ऐकून माझी शंकाच मिटली. मी सरांना होकार दिला. जाताना वनिताला टोपीचा पट्टा लावता येईना. बोटं नुसतीच चाचपडत होती. जैवंताने लावून दिला. ते मी पाहिलं, आणि पाहून जागेवर जाऊन बसले.

तीन मिनिटांनी ती पुन्हा पडली. या वेळी धक्का म्हणावा असाही नव्हता, खांदा घासून गेला फक्त. मी पोचले तेव्हा तिला उलटी झाली होती आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. आत रक्त साठतंय, असा त्याचा अर्थ. पहिल्या मारातून न सावरलेल्या मेंदूला दुसरा छोटासा झटकाही पुरतो.

चंद्रपुरात स्कॅन झाला आणि लगेच नागपूरला हलवायचं ठरलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी आणि जैवंता. वनिता शुद्धीवर आली तर तिची भाषा कळणारं कोणीतरी हवं, म्हणून तिला घेतलं. वरोरा मागे पडलं. मग जैवंता म्हणाली, "मॅडम, मी खोटं सांगतली."

"काय खोटं?"

"पाचही. सकाळी तुमी दुसऱ्या टीमच्या पोरीले तेच विचारले होते. मी आयकून होती. वनिता तसं काईच नाई बोलली."

"मग काय बोलली?"

"ते म्हणे, आपण शाळेच्या मैदानात हाव. म्हणे, डोकं फुटून राह्यलं, मले झोपू दे." तिने वनिताचा हात पुन्हा धरला. "मले वाटलं, टोपी तं होती. थोड्या वेळात ठीक होईन. तिले पाहाले आले होते ना ते लोक."

माझा हात उठला होता. खरं सांगते, त्या पोरीच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. मग कळलं, वाजवायची तर मला. पंधरा वर्षांच्या पोरीला मी डॉक्टरी करायला बसवलं होतं, आणि तीही तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीची. तिने मैत्री निभावली. माझं काम मी केलं नव्हतं.

नागपुरात ऑपरेशन झालं. वनिता वाचली.

महिनाभराने आयोजकांची बैठक झाली. टोपीचा पट्टा ढिला होता, असं ठरलं. पुढच्या वर्षी आणखी जाड टोप्या घ्याव्यात, अशी सूचना आली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून म्हटलं, "पट्टा नाही, मी ढिली पडले. तिला मी सोडलं मैदानात. जाड टोप्या आणाल तर पोरी आणखी जोरात डोकी घालतील." अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, एवढं मनाला नका लावून घेऊ." मी लेखी दिलं. जैवंताचं नाव त्यात लिहिलं नाही. कागद फायलीत गेला, आणि जाड टोप्या आल्या.

मोहफुलं पडायच्या दिवसांत मी वनिताच्या गावी गेले. उसेंडी सर सोबत होते. वनिता दारात बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला. ऊन सहन होत नाही म्हणून डोळे बारीक केलेले. शाळा कायमची सुटली होती. आईने खाट टाकली, पाणी दिलं, माझ्याकडे पाहत बसली. मी कोण, हे तिला सांगितलेलं होतं.

'तुझं डोकं दुखतं का?' एवढं एक वाक्य मी जैवंताकडून गोंडीत पाठ करून घेतलं होतं. ते म्हटलं. वनिताने माझ्याकडे वळून पाहिलं आणि बोलायला लागली. अडखळत, थांबत, पण बराच वेळ बोलली. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. सरांना कळत होतं. ते खाली बघत होते. "काय म्हणते, सर?" मी विचारलं. सरांनी सांगितलं नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मी अजून सामन्यांना बसते. ते पाच प्रश्न खेळाडूला मैदानातून काढण्यासाठी असतात, परत पाठवण्यासाठी नसतात, एवढं मला एका पोरीच्या जिवावर बेतल्यावर समजलं. आता डोक्याला लागलं की मी खेळाडू बाहेर काढते. कोच भांडतात, पोरी रडतात, मागच्या सामन्यात तर एका बापाने मला शिव्या घातल्या. "ठीक हाय ते, विचारून तं पाहा!" तो ओरडत होता.

मी विचारलं नाही.