दाज्यादादांनी न दाखवलेली ढोली

दिलेली भेट परत मागायला मी सातपुड्यात गेलो, हे आधीच कबूल करतो. गेल्या हिवाळ्यात चिपळूणच्या माझ्या बागेतल्या सातेरी मधमाश्यांची एक पेटी मी सातपुड्यात मोलगीकडे मध काढणाऱ्या दाज्यादादांना दिली होती, मोठ्या कौतुकाने. मग एका अभ्यासक मित्राने सांगितलं, तुझ्या माश्यांचे नर तिथल्या राण्यांशी जुळले, की तिथला उन्हाळा काढणारं वाण हळूहळू पातळ होईल. माझी झोपच उडाली.

सुरतेला गाडी बदलून नंदुरबार, तिथून एसटीने अक्कलकुवा. पुढच्या घाटात जीपच बरी. पाणी भरून घ्या, घरी फोनही करून घ्या, वर दोन्हींचा भरवसा नाही. “फिराले उनात का, भाऊ?” जीपवाल्याने विचारलं. माश्या परत न्यायला, म्हटलं. दोन वळणं घेऊन तो म्हणाला, “देयेल चीज परत लेतस का?”

दादा अंगणातच भेटले. पेटी रिकामी होती. राणी उडून जाऊ नये म्हणून मी दाराशी लावलेली जाळी त्यांनी चार दिवसांतच काढली होती.

“आईला कोंडून नाही ठेवत आम्ही,” ते म्हणाले.

मध काढताना पिल्लांच्या पोळ्याला बोटही न लावणारा हा माणूस. जाळी कशासाठी, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला माझाच राग आला.

ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ जेवून आम्ही मोहाच्या झाडापाशी गेलो. ढोलीच्या तोंडाशी इथल्या काळ्या माश्यांत काही पिवळसर फिरत होत्या. राणी इथलीच, पण त्या लेकींचे बाप माझ्या पेटीतले. आता परत काय नेणार?

“सगळीकडे असंच झालंय?” मी विचारलं.

“नाही. नदीपलीकडे एक ढोली आहे. सगळ्या काळ्या.”

“दाखवाल?”

दादा ढोलीपासून मागे वळले. “तुम्ही माणूस चांगले. पण ती जागा तुम्हाला नाही सांगणार.”

रिकामी पेटी घेऊन घरी आलो. ती पडवीत आहे, अजून भरलेली नाही. सातपुड्यात जरूर जा, हिवाळ्यात जा. फक्त सोबत जिवंत काही नेऊ नका. आणि त्या ढोलीचा पत्ता मला विचारू नका. तो मला ठाऊक नाही याचं वाईट वाटतं, पण तेच बरं आहे.