पाठ कोण घासतं?

तैमी ओलिला ही बाई कोणालाही "घाबरू नका" म्हणत नाही. एकतीस वर्षं ती आमच्या टेकडीवरच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात लोकांच्या आतले फोटो काढते आहे. आधी एक्स-रे, मग सीटी, मग एमआरआय; जे मशीन आलं ते तिने शिकून घेतलं. तिचं म्हणणं असं, की "घाबरू नका" म्हटल्यावर आजवर एकही माणूस घाबरायचा थांबलेला नाही.

त्याऐवजी ती आवाज सांगते. एमआरआयच्या बोगद्यात माणूस आडवा झाला की मशीन असं काही बडवायला लागतं, की धडधाकट माणसाची पाचावर धारण बसावी. मग ज्यांनी खरे तोफगोळे ऐकलेत त्यांचं काय होत असेल? तैमी एकदा सोबतिणीला मशीन चालवायला बसवून स्वतः आत जाऊन झोपली आणि बाहेर आल्यावर सगळे आवाज क्रमाने लिहून काढले. तेव्हापासून ती काचेपलीकडून माइकवर सांगत असते, "आता सुतारपक्षी, दोन मिनिटं. आता मोठा ठोकणारा येतोय. तो आपल्या बाजूचा आहे, तिकडे चाललाय." सैनिकाला एवढं पुरतं. बोगद्यातून उठून पळालेली माणसं तिच्या हाताखाली गपगार झोपून राहिली आहेत, एक तर घोरत होता.

याला वेळ लागतो, आणि वेळ लागतो म्हणून वरच्या साहेबांनी तिला दोनदा पत्र दिलं. तिने दोन्ही पत्रांच्या घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातल्या. टेबल आता डुगडुगत नाही.

पण तिची खरी करामत ही नव्हे. तिची करामत म्हणजे 'नाही' हा शब्द तिला वाचता येतो.

आमच्याकडचे लोक मूळचे फिनलंडचे. पणजोबा खाणीत उतरायला म्हणून समुद्र ओलांडून या बर्फात आले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले, वाफेची न्हाणी, म्हणजे सौना, आणि मुकेपणा. शनिवारी सौनात तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं, घामाघूम व्हायचं, एकमेकांची पाठ घासायची. तोंडातून मात्र ब्र काढायचा नाही. "लागलं का?" विचारलं तर उत्तर "नाही." कुऱ्हाड पायावर बसली असली तरी "नाही." तैमीचा बाप कोरियाच्या युद्धातून परतलेला. शिकत असताना सरावाला म्हणून तिने त्याच्या मांडीचा एक्स-रे काढला, तर आत लोखंडाचे नऊ तुकडे. बापाने फोटो बघितला आणि म्हणाला, "अरेच्चा, अजून आहेत होय?" त्या दिवशी तैमीला कळलं, की या माणसांचं 'नाही' म्हणजे थाप नव्हे. ती त्यांची रीत आहे.

आर्वो कांगस आला तो जानेवारीतल्या एका सकाळी, शंभर मैल बर्फातून. गाडी त्याच्या बायकोने, सेल्माने, चालवली होती, कारण आर्वोचे पाय दोन महिन्यांपासून बधिर होत चालले होते. मानेतला मणका सरकून मज्जारज्जू दाबला जात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी मानेचा एमआरआय हवा होता. तो आज झाला नाही तर पुढची तारीख सहा आठवड्यांनी, आणि तोवर पाय राहतील याची खात्री कोणी देत नव्हतं.

आर्वो शहात्तर वर्षांचा, विशीत युद्धावर जाऊन आलेला. उजवा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. उरलेल्या डाव्या डोळ्यावर तो मासे पकडायची लाकडी आमिषं कोरायचा, त्यांचे खवले एका केसाच्या कुंचल्याने रंगवायचा आणि पत्त्यांत सेल्माला फसवायचा.

"हार्जूची पोरगी ना तू?" त्याने तैमीला विचारलं. हार्जू हे तिचं माहेरचं आडनाव. "तुझा बाप चांगला होता. बडबडा होता जरा."

"अण्णा बडबडे? अंत्ययात्रेला आलेल्यांतल्या निम्म्यांनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता," तैमी म्हणाली आणि तिने फॉर्म उचलला.

एमआरआयआधी हा फॉर्म भरावाच लागतो, कारण ते मशीन म्हणजे अवाढव्य लोहचुंबक. अंगात लोखंडाचा कण असला तर तो जागचा हलतो. फॉर्मवर बत्तीस प्रश्न होते आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे बत्तीस 'नाही'. बारीक अक्षर आर्वोला दिसत नसल्याने फॉर्म सेल्माने भरला होता.

"युद्धात कधी लागलं होतं?"

"नाही."

"एखादा तुकडा, कपची, काही?"

"नाही म्हटलं ना, पोरी. चल, आटप. बर्फ वाढतोय."

जुन्या कागदपत्रांतही जखमेची नोंद नव्हती. दुसरी कोणी असती तर तिने त्याला आत सरकवलं असतं, आणि तिला कोणी दोषही दिला नसता. तैमीने त्याच्या अंगावर कपाटातलं गरम ब्लँकेट टाकलं आणि सहज विचारलं, "आर्वो, सौनात तुमची पाठ कोण घासतं?"

"आता या वयात दुसरं कोण घासणार? सेल्मा."

तैमी सरळ बाहेर गेली.

सेल्मा फोनवर होती. "ऑरव्हिल, या बर्फात निघू नकोस, मी सांगते ना! बाप तुझा ठणठणीत आहे." तिने फोन ठेवला. "आमचा मोठा. बघ ना, घरात सगळे टोइवो, वाइनो, माटी, आणि हा एकटा ऑरव्हिल! माझ्या सासूला मरेपर्यंत ते नाव उच्चारता आलं नाही. कुठून आणलंस हे नाव, म्हणून आर्वोला विचारलं, तर म्हणे रेडिओवर ऐकलं."

"सेल्मा, एक सांगा. आर्वोंच्या अंगावर कुठे खूण आहे? सौनात तुम्हाला दिसते, मला कपड्यांत दिसत नाही अशी?"

"खुणा काय, पोत्याने आहेत. गुडघ्यावर करवत, अंगठ्यावर सुरी, भुवईखाली निळा ठिपका..."

"निळा ठिपका कसला?"

"खाणीतला ग. खनिजाची धूळ जखमेत राहिली की निळी दिसते, निम्म्या गावाच्या अंगावर आहे. वाफ चढली की म्हातारा तिथे ओला टॉवेल धरून बसतो. टोचतं म्हणतो."

"खाणीत कामाला कधी लागले ते?"

"लग्नानंतर दोन वर्षांनी."

"आणि ठिपका?"

सेल्माने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. "लग्नाच्या फोटोत आहे," ती हळूच म्हणाली. "मी फोटोवाल्याशी भांडले होते, शाई उडवली म्हणून."

"कोणता डोळा?"

"डावा."

तैमीने एमआरआय थांबवला. पाच मिनिटांत खालच्या शहरातून शल्यविशारद डॉक्टर प्रेस्कॉट यांचा फोन खणखणला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घड्याळ फार प्रिय होतं.

"फॉर्मवर 'नाही' लिहिलंय ना? मग अडलंय कुठे?"

"ते 'नाही' त्यांच्या बायकोच्या अक्षरात आहे, डॉक्टर. ती युद्धावर गेली नव्हती."

"सबंध दिवस वाया गेला तर त्या माणसाचे पाय जातील. जबाबदारी तुमची."

"माझीच," तैमी म्हणाली आणि फोन ठेवला. ठिपका खाणीतला निघाला असता तर एका म्हाताऱ्याचे पाय तिच्या शंकेपायी गेले असते, आणि हे तिला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं.

तिने आर्वोच्या डोळ्यांचे दोन एक्स-रे काढले, एक वर बघताना, एक खाली बघताना. पडद्यावर डाव्या डोळ्याच्या मागे पांढराशुभ्र कण उमटला. मोहरीहून बारीक, एका बाजूला धारदार. त्या बोगद्यात तो कण सरकला असता तर आर्वो कांगस एमआरआयला डोळस गेला असता आणि आंधळा बाहेर आला असता.

तिने खुर्ची त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर ओढली आणि पडदा वळवला. म्हातारा पडद्याकडे वाकला.

"पुढे दुसरा होता," तो म्हणाला. "मी चार पावलं मागे. त्याचा पाय सुरुंगावर पडला. माझ्या तोंडावर नुसती माती उडाली. दवापाणी करणारा पोरगा माझा डोळा धुवायला लागला, तर मी त्याला हाकललं. म्हटलं, त्याच्याकडे बघ."

"आणि तो?"

"तो गेला." आर्वोने पडद्यावरच्या कणाकडे बोट केलं. "तूच सांग पोरी, मग लागलं कोणाला म्हणायचं? मी कोणत्या तोंडाने 'हो' लिहू?"

तैमीने त्याचं घसरलेलं ब्लँकेट वर ओढलं.

मग मात्र तिने घाई केली. पाठीच्या कण्यात सुईने रंगद्रव्य सोडून सीटीवर फोटो काढता येतो. लोहचुंबकाचं त्यात काम नाही. कटकटीचा प्रकार, म्हणून कोणी फारसा करत नाही. तैमीने क्ष-किरणतज्ज्ञाला जेवणावरून उठवलं, सीटीच्या रांगेतल्या दोघांना "आर्वोसाठी थांबता का?" विचारलं. दोघेही जुने सैनिक, एकाने नुसती मान हलवली, दुसरा म्हणाला, "मला कुठे जायचंय?" तीन वाजता फोटो प्रेस्कॉटच्या टेबलावर होते. त्याने फोन केला. "उद्या सकाळचं ऑपरेशन नक्की," म्हणाला, आणि थोडं थांबून, "आभारी आहे." मार्चमध्ये आर्वो स्वतःच्या पायांनी गोठलेल्या तळ्यावर गेला आणि स्वतःच्या डोळ्याने बर्फाला पाडलेल्या भोकातून मासा बघितला.

पण ते पुढचं. त्या दुपारी एक काम राहिलं होतं. फॉर्म चुकीचा होता. पुढे कुठे कोणी तोच बघून त्याला एमआरआयमध्ये घातलं तर? तैमीने कोरा फॉर्म आणला. तिला स्वतःला तो दोन मिनिटांत भरता आला असता. तिने तो सकाळसारखाच सेल्माच्या हातात दिला.

सेल्माने चष्मा लावला. "शरीरात कधी धातूचा तुकडा गेला होता का? हो. केव्हा, कसा?" तिने नवऱ्याकडे बघितलं. "बोल की आता, म्हाताऱ्या. पन्नास वर्षं मला खाणीतला डाग म्हणून सांगितलंस."

"मी कुठे सांगितलं? तूच म्हणालीस. मी नाही म्हणालो नाही, इतकंच."

"केव्हा?"

"जून, एकोणसत्तर."

"कसा?"

आर्वोने खिडकीकडे तोंड केलं. "सुरुंग. ऑरव्हिलचा पाय पडला."

सेल्माचं पेन थांबलं. "काय बरळतोस? ऑरव्हिल तेव्हा जन्मला तरी होता का?"

"आपला नाही," आर्वो म्हणाला. "पहिला."

तैमी कोपऱ्यात ब्लँकेटची घडी घालत होती. घातलेलीच घडी मोडून तिने पुन्हा घातली. सेल्मा नवऱ्याच्या भुवईकडे बघत होती, जिथे तो पन्नास वर्षं ओला टॉवेल धरत आला होता. मग तिने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि कागदावर वाकली.

"आडनाव सांग," ती म्हणाली.