लॉगिन स्क्रीनवर भाऊंचा वाढदिवस

मी पोचले तेव्हा ऑपरेटर मंडळी तर्री-पोहे खात बसली होती आणि एकाही कॉम्प्युटरवर काम सुरू नव्हतं. मशीन बंद होत्या असंही नाही. हिरवे दिवे लागलेले, आतले पंखे फिरत होते. फक्त स्क्रीन काळीकुट्ट, आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती. पासवर्ड टाकायची चौकटच येत नव्हती. हॉलमध्ये साठेक मशीन, सगळ्यांची तीच गत. पोहे खरं तर केकनंतर वाटायचे होते, पण हात रिकामे म्हटल्यावर माणूस काय करणार.

हे ऑफिस नागपूरच्या वर्धा रोडला लागून, मिहानच्या अलीकडे. दवाखान्यांची स्कॅन केलेली बिलं इथे टाइप होतात. मी बाहेरची. कंपन्यांच्या लिनक्स मशीन, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर, सांभाळणं हा माझा धंदा. इथलं रोजचं काम गेडाम पाहतो. तो इथला सिस्टिम अ‍ॅडमिन. त्याच्या हाताबाहेर गेलं की तो मला फोन करतो, आणि तो उगाच फोन करणारा माणूस नाही.

दारातच मॅनेजर देशकर भेटले. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ सुरू झाले. शनिवारी संध्याकाळी गेडामने सगळ्या मशीनवर अपडेट टाकलं, आणि आज सोमवारी सकाळी ही अवस्था. त्यात आज भाऊंचा वाढदिवस. भाऊ म्हणजे कंपनीचे मालक. ते दुपारच्या आत केक कापायला येणार होते. देशकरांनी त्यांना फोन करून सगळं सांगूनही टाकलं होतं. भाऊ म्हणाले होते, असा माणूस ठेवायचाच कशाला, आजच मोकळा करा त्याला.

"तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये अपडेटचं लिहून द्या मॅडम," देशकर म्हणाले. "म्हणजे पुढचं मले सोपं जाते."

मी म्हटलं, आधी मशीन तर पाहू द्या. पेशंट पाहायच्या आधीच सर्टिफिकेट मागणारी माणसं मला मुळात आवडत नाहीत.

गेडाम सर्व्हर रूमच्या दाराशी उभा होता. एरवी हा माणूस जोक मारल्याशिवाय दोन वाक्यं बोलत नाही. आज नुसतंच "या मॅडम" म्हणाला. चांगली पुण्यातली नोकरी सोडून तो नागपूरला परत आलाय, कारण वडिलांचं डायलिसिस सुरू आहे आणि घरात दुसरं कोणी नाही. लिनक्सचं काम नागपुरात असं कितीसं मिळतं? त्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची. मोकळा करा म्हटलं की त्याच दिवशी मोकळा.

आता हा प्रकार काय असतो ते सांगते. कॉम्प्युटर सुरू केल्यावर तुम्हाला नाव-पासवर्डची जी पाटी दिसते, ती दाखवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याला लॉगिन मॅनेजर म्हणतात. तो म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. तुम्ही कोण, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचं, एवढं विचारून तो आत सोडतो. वॉचमनला चक्कर आली म्हणून बिल्डिंग पडत नाही. पण गेट उघडायला कोणी नसेल तर आतले सगळे फ्लॅट शाबूत असून तुम्ही रस्त्यावरच.

सुदैवाने लिनक्सला एक मागचं दार असतं. मी पहिल्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री दाबलं. काळ्या पडद्यावर साधी अक्षरं आली, माझं नाव विचारलं, पासवर्ड घेतला आणि मला आत सोडलं. म्हणजे मशीन धडधाकट, लोकांची खाती जागेवर, बिलं सुरक्षित. आजारी होता तो फक्त वॉचमन. माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग नेहमीचे संशयित. डिस्क भरली असेल तर लॉगिन स्क्रीन येत नाही. डिस्क अर्धी रिकामी होती. कधी स्क्रीनवर चित्र उमटवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर रुसतो. तोही ठीक. राहिलं अपडेट. मी गेडामला म्हटलं, एका मशीनवरचं अपडेट मागे घे, शनिवारच्या आधी होती तशी कर. तो म्हणाला, सकाळीच केलं, काही फरक नाही. मला मशीन दाखवलीही. जुनी सिस्टिम, स्क्रीन तशीच काळी.

मी थक्क झाले. अपडेट काढूनही रोग जात नाही म्हटल्यावर अपडेटचा दोष कसा? विचारलं, हे देशकरांना सांगितलं का? सांगितलं होतं म्हणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एकदा बिघडलं की मागे नेऊन काय होते. देशकरांना वाटतं कॉम्प्युटर नासलेल्या दुधासारखा असतो.

मग मी लॉग उघडला. मशीन स्वतःशी जे पुटपुटत असते ते सगळं त्यात उतरत असतं. वॉचमन उठला, मेला. पुन्हा उठला, पुन्हा मेला. चार-पाचदा असं झाल्यावर सिस्टिमने कंटाळून त्याला उठवणंच सोडलं होतं. आणि मरायचं कारण दरवेळी एकच: मेमरी संपली. मेमरी संपायला लागली की लिनक्स आत बसलेल्यांपैकी सगळ्यात जास्त खाणाऱ्याला पकडतो आणि उडवतो. बाकीचे जगावेत म्हणून. दरवेळी पकडला जात होता तो आपला लॉगिन मॅनेजरच.

दोन चौकटी आणि एक बटण दाखवणारा प्रोग्रॅम एवढं खातो काय? मी त्याची सेटिंग उघडली. मागे कुठलं चित्र लावायचं, त्या ओळीत एका फोटोचं नाव होतं. शनिवारीच बदललेलं. फोटो किती मोठा ते मशीनला विचारलं, आणि आकडे पाहून मला वाटलं मी एखादं शून्य जास्त वाचते आहे.

तो फोटो नव्हताच. तो फ्लेक्स होता. वीस बाय दहा फुटांचा, फ्लेक्सवाल्याने प्रिंटिंगसाठी केलेली मूळ फाइल. मी ती माझ्या लॅपटॉपवर घेतली. लॅपटॉपचा पंखा घरघरला, जरा वेळाने स्क्रीनवर भाऊ प्रकटले. पांढरा कुर्ता, काळा गॉगल, जोडलेले हात. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात देशकरांचं तोंड सगळ्यात मोठं. हेच भाऊ मी येताना गेटवर बांधलेले पाहिले होते.

अशी फाइल डिस्कवर छोटी दिसते, कारण ती दाबून भरलेली असते. स्क्रीनवर दाखवायची तर मशीनला ती पूर्ण उलगडावी लागते. कढईत कुरडई सोडली की फुगते ना, तसं. इथली कढई होती अगदी लहान. हॉलमधल्या मशीन जुन्या, मेमरी जेमतेम. भाऊ पूर्ण उलगडायच्या आत मेमरी संपायची आणि वॉचमन मरायचा.

गेडाम माझ्या मागे उभा होता. तो अजिबात चकित झालेला नव्हता. मी खुर्ची वळवली.

"गेडाम, तुला हे माहीत होतं?"

"सकाळीच समजलं मॅडम."

"मग मला काहून बोलावलं?"

तो म्हणाला, "अपडेटचं नाव आलं तर नोकरी जाते. अन् मी जाऊन म्हणलं का वाढदिवसाच्या दिवशी भाऊच्या फोटोनं ऑफिस बंद पाडलं, तर नोकरी बी जाते अन् वरून शिव्या. इकडे आड, तिकडे विहीर. तुम्ही बाहेरच्या आहा. तुमचं ऐकून घेतील."

मग एकेक बाहेर आलं. शनिवारी देशकरांनी हुकूम सोडला होता की सोमवारी प्रत्येकाला लॉगिन करताना आधी भाऊंचं दर्शन झालं पाहिजे. गेडाम म्हणाला होता, फाइल फार मोठी आहे, लहान करून लावतो. त्यावर देशकर म्हणाले होते, "भाऊचा फोटो लहान करतो का बे तू?" पुढे बोलायची सोयच राहिली नाही. मग देशकरांच्या केबिनमधल्या मशीनवर लावून पाहिला. ती नवी कोरी, मेमरी भरपूर. फोटो थाटात आला. देशकर खूश. तिथे चालला म्हणून गेडामही गप्प बसला आणि त्याने तो सगळीकडे पाठवला.

मला राग आला. गेडामचा थोडा, देशकरांचा खूप. पण आधी काम. मी फोटो स्क्रीनच्या मापाचा केला. याला चहा ढवळायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. एका मशीनवर लावला, वॉचमनला उठवला. लॉगिन स्क्रीन आली, भाऊ हात जोडून हजर. मग गेडामने तोच छोटा फोटो सगळ्या मशीनवर धाडला. हॉलमध्ये रांगेने स्क्रीन उजळत गेल्या आणि मंडळी प्लेटा ठेवून कामाला लागली.

देशकर धावत आले. झालं का, झालं का, वा मॅडम, मानलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि कारण सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग आवाज खाली आला.

"आता चालू झालं ना मॅडम. फोटोचं कशाले काढता? अपडेट लिहून टाका, विषय संपते."

"विषय नाही संपत. गेडाम संपतो."

"त्याचं काय, तो तसा बी कॉन्ट्रॅक्टवर आहे."

खरं सांगते, क्षणभर मोह झाला होता. सगळं सुरू झालं होतं, कोणालाच काही कळणार नव्हतं, आणि हे ऑफिस मला हातचं घालवायचं नव्हतं. पण 'तसा बी' हे दोन शब्द माझ्या डोक्यात गेले. मी म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर ती तुमच्या सहीने द्या, माझ्या नाही.

भाऊ आले ते हार-तुऱ्यांसकट आले. हॉलच्या मधोमध केक मांडला होता. सुरी हातात घेण्याआधीच त्यांनी विचारलं, बंद काहून पडलं होतं? देशकर सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, भाऊ, सांगत नाही, दाखवते. जवळच्या मशीनवर मूळ फाइल परत लावली. स्क्रीन काळी, कोपऱ्यात रेघ. छोटा फोटो लावला. स्क्रीन उजळली. मग गेडामने जुन्या सिस्टिमवर नेलेली ती मशीन होती, तिच्यावरही तेच करून दाखवलं. अपडेट असो की नसो, मोठी फाइल लावली की मशीन बसत होती.

हॉलमधल्या मंडळींनी टाइपिंग सोडून माना वळवल्या.

"म्हणजे माह्या फोटोनं?" भाऊ म्हणाले.

"फोटोने नाही. फ्लेक्सची फाइल होती, ती लहान न करता लावली."

"लहान काहून नाही केली?"

देशकर केककडे पाहत होते. भाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग गेडामकडे वळले.

"तुले समजलं होतं का गा?"

"हो भाऊ."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

गेडाम खाली पाहत म्हणाला, "तुम्हाले सांगायची भीती वाटते, भाऊ."

भाऊ समोरच्या मशीनकडे वळले. त्या मशीनवर ते स्वतःच गॉगल लावून हात जोडून त्यांच्याकडे पाहत होते. मला वाटलं आता आम्ही दोघंही गेलो. मग ते शांतपणे म्हणाले, "काढून टाक तो फोटो. सगळ्यांवरून काढ." आणि सुरी उचलली. टाळ्या वाजल्या, पण जरा उशिरा आणि तुटक.

गेडाम नोकरीत आहे. भाऊंनी त्याला सॉरी वगैरे म्हटलं नाही, त्यातले नाहीत ते. पण जाताना देशकरांना सांगून गेले की याचा विषय बंद. देशकरही तिथेच आहेत. मला भेटले की अजून नमस्कार करत नाहीत. माझं काम मात्र सुरू आहे.

लॉगिन स्क्रीनवर आता साधा निळा रंग असतो. आणि नवीन काहीही लावायचं असलं की गेडाम ते आधी हॉलच्या शेवटच्या रांगेतल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात रडक्या मशीनवर लावून पाहतो. साहेबांच्या केबिनमध्ये सगळंच चालतं, म्हणून तिथे टेस्ट करायची नसते.