पाण्यावर चालणारी काळीपिवळी

माझा धाकटा भाऊ घनसावंगी ते जालना काळीपिवळी चालवतो. सीटा भरल्या की सुटायची, असा जीपचा धंदा. गेल्या उन्हाळ्यात त्याने एका किटवाल्याकडून बॉनेटखाली पाण्याचं किट म्हणून एक प्लास्टिकची बाटली बसवून आणली. बाटलीत पाणी, पाण्यात स्टीलच्या पट्ट्या, पट्ट्यांना बॅटरीच्या वायरी आणि वरून इंजिनाकडे गेलेली नळी. गाडीपुढे नारळ फोडून झाला होता, चाकाखाली लिंबू चिरडलेलं होतं. मला शाळेतून यायला उशीर झाला म्हणून माझ्या वाट्याचं खोबरं तेवढं राखून ठेवलं होतं.

"ताई, पाण्याचा गॅस होऊन राह्यला बघ," तो म्हणाला. "किटवाला म्हणला, आत्ता अर्धं डिझेल वाचंल. पुढं मोठी बाटली बसवली की डिझेल बिलकुल बंद."

बुडबुडे खरे होते. पाण्यातून हायड्रोजन निघतो हे मी स्वतः दरवर्षी वर्गात दाखवते. बॅटरी, पेन्सिलींची दोन शिसं, पाण्यात चिमूटभर सोडा. काडी लावली की फट्कन आवाज होतो आणि मागच्या बाकावरचेही जागे होतात. पण त्या गॅससाठी आधी वीज खर्चावी लागते, हे किटवाल्याने सांगितलं नव्हतं. गाडीत ती वीज बॅटरी देते, बॅटरीला इंजिन भरतं आणि इंजिन डिझेल पितं. म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी उपसून पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं. वाटेत जिरेल तेवढं कमीच होणार. हे मी भावाला तिथल्या तिथे सुनावलं, तेही चढ्या आवाजात. शाळेतला आवाज घरी खाली येत नाही माझा.

"तू पुस्तकातलं सांगती," तो म्हणाला. "माझी गाडी रोज रस्त्यावर हाय. ॲव्हरेज वाढलंय, पंपावर येऊन बघ."

गोष्ट एवढ्यावर असती तर मी सोडून दिली असती. पण शेजारच्या मावशी होत्या.

मावशींच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. सरकारी दवाखान्यात त्याचे पैसे पडत नाहीत, पण जाण्यायेण्याचं भाडं पडतं. मुलगा पुण्याला, तो पाठवतो त्यातच सगळं भागवायचं. भाऊ त्यांना नेहमी म्हणायचा, मावशी, नुसतं बसा, सीट रिकामीच जाती. पण त्या दवाखान्यासाठी कुणाच्या गाडीत फुकट बसणाऱ्या नव्हत्या. भाड्याची ओढाताण झाली की डायलिसिसची एखादी पाळी चुकवायच्या आणि देवाचं कारण सांगायच्या.

बाटली बसली आणि भाऊ त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाला, "मावशी, डिझेलच लागणार न्हाई, मंग पैसे कशाचे घेऊ?"

हे मात्र त्यांना पटलं. टँकरमागे धावलेलं आमचं गाव, पण पाण्याचा तांब्या कुणी हिशेबात धरत नाही. दारात आलेल्याला पाणी द्यायचं आणि त्याने ते निःसंकोच प्यायचं. पाण्यावर चालणाऱ्या गाडीत बसायला त्यांची हरकत नव्हती. त्यांनी बॉनेटखाली वाकून बाटली पाहिली आणि हसल्या. "एवढंच पाणी मला दिसभराला देतेत," म्हणाल्या. किडन्या गेल्यापासून त्यांना पाणीही मोजूनच प्यायचं होतं.

आणि मग त्या वाट बघू लागल्या. मोठी बाटली यायची होती, किटवाला आज-उद्या करत होता. "आता थोडक्यासाठी कशाला भाडं घालू? सुरू झाली की बराबर दोन्ही पाळ्या करीन," असं म्हणत त्या पाळ्या चुकवत राहिल्या. पावलं सुजली. चपलेत अंगठा जाईना. रात्री उशी उंच करून झोपते म्हणाल्या, आडवं झालं की दम लागतो. मला किटवाल्याचा भयंकर राग आला. त्याचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तो सगळा भावावर निघाला. पण रागावून काही होणार नव्हतं. त्याला ॲव्हरेज दिसत होतं.

शेवटी मी म्हटलं, आपण तपासू. किटचा फ्यूज रोज सकाळी मी बघीन. कधी ठेवीन, कधी काढून पर्समध्ये टाकीन. तुला सांगणार नाही आणि तू बॉनेट उघडायचं नाही. संध्याकाळी त्याच पंपावर टाकी गच्च भरायची आणि किती डिझेल बसलं ते लिहायचं. तो लगेच तयार झाला. त्याची खात्रीच होती ना.

एका संध्याकाळी तो खूश होऊन आला. "ताई, आज फ्यूज होता. गाडी कशी हलकी गेल्ती म्हणून सांगू."

मी पर्स उघडून फ्यूज त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. पुढे आणखी काही दिवस आम्ही तसंच चालवलं. फ्यूज असो नसो, डिझेल तेवढंच जात होतं. किटवाल्याने बसवतानाच बजावलं होतं, गॅस धरायला वेळ लागतो, गाडी दामटू नका. त्या दिवसापासून भाऊ सावकाश चालवत होता. वाचलेलं डिझेल त्याच्याच पायाने वाचवलं होतं. तो गाडीच्या पायरीवर बसला. माझं म्हणणं खरं निघालं होतं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

मग तो हळूच म्हणाला, "ताई, मावशीला चालती म्हणून सांगू. तेवढ्यावर तरी येतीन."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी त्यांच्या दारात लावली, तेव्हा मी गप्प राहायचं ठरवूनच बरोबर गेले होते.

मावशी भिंतीला धरून ओट्यावर आल्या. भावाने दार उघडलं. "बसा मावशी. झाली पाण्यावर सुरू."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू लेकरांना शिकवती. चालती का?"

गप्प राहणं वेगळं, तोंडाने हो म्हणणं मला जमेना. "नाही मावशी," मी म्हटलं. "नाही चालत. चालणारही नाही."

त्या आपल्या पावलांकडे बघत राहिल्या. "माझ्या अंगात इतकं पाणी झालंय," म्हणाल्या, "मला दोन पावलं चालवंना. गाडी कशी चालंल."

मग त्यांनी पदराची गाठ सोडली आणि भाडं पुढे केलं. भावाचा हात पुढे होईना. तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी करीन म्हणून.

"घे," मी त्याला म्हटलं.

त्याने पैसे घेतले, तेव्हा त्या गाडीत चढल्या.