नुसते ओठ

बायको गेल्यावर न्हावीकाकांची बडबड पार आटली. दुकानात गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा फिरायचा, पण तोंड मिटलेलं. झोपही उडाली. शेवटी लेकीने त्यांचं नाव रुग्णालयातल्या एका अभ्यासात घातलं. एकट्या पडलेल्या माणसांनी दर आठवड्याला मिळून गायचं. त्याने झोपेत, श्वासात, मनात काय फरक पडतो ते एक डॉक्टर, एक संगीतशिक्षक आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकबाई मिळून तपासणार.

काकांचा गळा म्हणजे गंजलेलं बिजागर. पहिल्याच दिवशी त्यांनी अंग चोरलं आणि नुसते ओठ हलवले. कुणाला पत्ता लागला नाही. शेजारी बसणारे निवृत्त ड्रायव्हर कानाने अधू. ते लेकीला म्हणाले, "तुझ्या बाबांचा आवाज म्हणजे काय सांगू!" लेक हरखली. जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांत तिने बातमी पोचवली. "बाबा, एकदा घरी म्हणा ना," म्हणाली, तर काका तिच्यावर खेकसले. ती आत निघून गेली आणि काकांचं ताट तसंच राहिलं.

मग एके दिवशी प्रत्येकाच्या कॉलरला छोटा माइक लावला. पुढच्या खेपेला बाईंनी काकांना बाजूच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि ध्वनिमुद्रण ऐकवलं. गाणं कुठूनतरी लांबून येत होतं. जवळ होता तो फक्त काकांचा श्वास, मधूनच आवंढा.

काकांचे कान तापले. "चुकलं, बाई. तुमचं एवढं काम नासवलं मी."

"झोप सुधारली म्हणालात, तेही असंच?"

"नाही हो. झोप खरंच लागते."

बाई विचारात पडल्या. "मग हा गुण गाण्याचा, की माणसांत बसण्याचा? आम्हालाही अजून ठाऊक नाही. पण गाणाऱ्यांत तुम्हाला धरता येणार नाही."

त्या चार शब्द सुनावत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी चपलाही न काढता लेकीला सगळं सांगितलं.

"आणि मी गावभर सांगत सुटले!" तिने कपाळावर हात मारला. मग हळूच विचारलं, "आईला माहीत होता तुमचा गळा?"

"तिच्यासमोरच तर गायचो. कानात बोटं घालायची, पण थांबा म्हणाली नाही कधी."

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा गाणाऱ्यांत जाऊन बसले आणि आवाज काढून गायले. संगीतशिक्षकाने चमकून पाहिलं. काकांची मान खाली गेली, पण तोंड त्यांनी मिटलं नाही.